गप्प बसण्याचं पेटंट

सांगितलेलं काम निमूटपणे करून वर ‘ओके’ म्हणणारा आमच्या घरातला एकमेव सदस्य म्हणजे डायल-अप मोडेम. त्याला दिलेला जवळजवळ प्रत्येक हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू व्हायचा. एटी म्हणजे अटेन्शन. नुसतं ‘एटी’ लिहून एंटर दाबलं, पुढे काही कामच सांगितलं नाही, तरी हा ‘ओके’ म्हणणार. घरातल्या बाकीच्यांना, माझ्यासकट, हाक मारली की आधी ‘काय काम आहे?’ असा प्रश्न येई.

ही भाषा डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या अमेरिकन जोडीच्या १९८१ सालच्या स्मार्टमोडेममधून आली. त्या हाकेतही मेख आहे. ‘ए’ या अक्षराचे ठोके मोजून मोडेम कॉम्प्युटर किती वेगाने बोलतोय ते ताडतो. आई पूर्ण नावाने हाक मारतेय की लाडाच्या, यावरून आम्ही पुढचं भविष्य ताडायचो तसं.

मग ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर. ठक्क आवाज होतो तो रिसीव्हर उचलल्याचा. उचलत तसं कुणीच काही नाही. आतला रिले फोनच्या दोन तारा जोडतो, एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह वाहू लागतो आणि एक्स्चेंजला वाटतं, कुणाला तरी बोलायचंय. एक्स्चेंज जुनं असेल तर ‘डीटी’ऐवजी ‘डीपी’ : तोच जोड तोडून-जोडून आकडे मोजायचे. दोनाला दोनदा, शून्याला दहादा. नंबरात शून्यं फार असलेल्या माणसाशी संबंध ठेवणं तेव्हा संयमाचं काम होतं. नंबरात स्वल्पविराम टाकला की मोडेम दोन सेकंद थांबायचा. स्वल्पविराम इतक्या इमानाने पाळणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

आमच्या मोडेमची एकच खोड. त्याला इथला डायल टोन पटत नसे. ऐंशीच्या घरातल्या आजीला तो रिसीव्हरमधून स्वच्छ ऐकू येई, हा मात्र पडद्यावर ‘नो डायलटोन’ लिहून मोकळा. त्यावर उपाय ‘एक्स३’ : टोनची वाट बघू नकोस, नंबर फिरव.

पलीकडून २१०० हर्ट्झची शीळ यायची. वाटेत प्रतिध्वनी दाबायला बसवलेल्या यंत्रांनाही ती ‘तुम्ही मध्ये पडू नका’ असं बजावायची. नंतरची खरखर म्हणजे वेगावरून दोघांची घासाघीस, तीही माणसाच्या आवाजासाठी आखलेल्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात. वेग ठरला की स्पीकर आपोआप बंद. ‘एम०’ दिलं तर पहिल्यापासूनच मुका; घर झोपल्यावर इंटरनेट लावणाऱ्याने आधी हीच आज्ञा पाठ केलेली असे.

खरा पेच जोडणी झाल्यावर. आता लिहाल ते सगळं पलीकडे जाणार. मग मोडेमलाच काही सांगायचं असेल तर? त्यासाठी तीन अधिक चिन्हं : +++. पण हीच चिन्हं मजकुरात आली तर? हेदरिंग्टनने तोड काढली. चिन्हांच्या आधी एक सेकंद आणि नंतर एक सेकंद काहीही पाठवायचं नाही. एवढी शांतता पाळली तरच तो हुकूम. १९८५ साली या युक्तीला चक्क पेटंट मिळालं. एकेक सेकंद गप्प बसण्याचं पेटंट! ते मोडल्याचा दावा आमच्या घरावर कुणालाही लावता आला नसता.

रॉयल्टी वाचवायला काही कंपन्यांनी ती शांतताच वगळली आणि टवाळांना रान मोकळं झालं. ‘+++एटीएच०’ एवढा मजकूर पिंगमधून धाडायचा. समोरचा कॉम्प्युटर सभ्यपणे तो जसाच्या तसा परत पाठवी, आणि त्याचाच मोडेम तो वाटेत वाचून फोन ठेवून देई. आमच्याकडे ही सोय पेटंटशिवाय होती. आजी स्वयंपाकघरातला जोडफोन उचलून ‘अगं बाई, कोण किंचाळतंय यात?’ म्हणाली की पडद्यावर ‘नो कॅरिअर’.

मोडेम माळ्यावर गेला, पण त्याची बोली शेतात पोचली. पंपाच्या मोबाइल स्टार्टरमध्ये जीएसएम मॉड्यूल असतं, त्याला आतली चिप अजून ‘एटी’ म्हणूनच हाक मारते. शेतकऱ्याने घरून फोन लावला की मॉड्यूल चिपला ‘रिंग’ असं कळवतं आणि पंप सुरू होतो. लाइट असली तर.