एका पायाची कैफियत

स्पेनमधील सालामांका या विद्यापीठनगरीत दोन हिवाळे मी प्रौढ स्पॅनिश विद्यार्थ्यांना सायंकाळी इंग्रजी शिकवीत असे, असे सांगितले की आमची पुण्यातील आप्तमंडळी प्रथम माझ्याकडे आणि नंतर एकमेकांकडे पाहतात. कारण ज्याची मातृभाषा मराठी त्याने साहेबाची भाषा तिसऱ्याच मुलुखात नेऊन विकावी, हा व्यवहार त्यांना निखळ दलालीचा वाटतो. दलाली तर दलाली. परंतु तिच्यात एकदा माझा पाय अडकला, त्याची ही कैफियत.

वर्गात जेमतेम सहा माणसे. त्यांत औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई होत्या, आयर्लंडात जाऊन वेटर होऊ पाहणारा एक तरुण होता, आणि हयातभर नोटरीच्या दफ्तरात दस्तऐवज लिहून निवृत्त झालेले, अद्यापही वहीत दोन्हीकडे समास सोडून लिहिणारे एक वृद्ध कारकून होते. त्या दिवशी धड्यात ‘यू आर पुलिंग माय लेग’ हे निरुपद्रवी वाक्य आले. बाईंनी त्याचे मनातल्या मनात शब्दशः भाषांतर केले असावे, कारण त्यांनी छातीवर हात ठेवून अत्यंत हळू आवाजात विचारले, “कोण गेले?”

दोष त्यांचा नव्हता. स्पॅनिशमध्ये पायाला दोन शब्द आहेत : माणसाच्या तंगडीस ‘पिएर्ना’ आणि जनावराच्या तंगडीस ‘पाता’, मात्र माणूस मरतो तेव्हा तो जनावराचीच तंगडी ताणतो, ‘एस्तिरार ला पाता’, आणि घोडचूक करतो तेव्हाही तीच नको तेथे घालतो. सदर इंग्रजी पाय मनुष्याचा व जिवंत आहे हे सिद्ध करण्यासाठी मी फळ्यावर एक पाय काढला. चित्रकलेत मला चौथीपासून गती नाही. “हामोन!” तो तरुण आनंदाने ओरडला, याच प्रांतातील गिहुएलो गावची, दुकानादुकानांतून छताला टांगलेली डुकराची खारवून वाळवलेली तंगडी त्याने बिनचूक ओळखली होती.

मग कारकूनमहाशयांनी लेखणी उचलली. पाय उजवा की डावा? पायाच्या धन्याची पूर्वसंमती असते काय? आणि ओढलेला पाय पुढे परत करण्याचा शिरस्ता आहे की तो ओढणाराकडेच जमा राहतो? या म्हणीचे मूळ जुन्या लंडनच्या फाशीच्या माळावर, लटकत्या गुन्हेगाराचे पाय ओढून त्याची लवकर सुटका करणाऱ्या आप्तेष्टांत आहे, अशी एक आख्यायिका मी ऐकली होती. तिला पुरावा नाही हे ठाऊक असल्याने, आणि बाई नुकत्याच कुठे सावरल्या असल्याने, मी ती गिळली.

शेवटी मी त्यांच्याच भाषेला शरण गेलो. इंग्रज जेथे पाय ओढतो तेथे स्पॅनिश माणूस केस घेतो : ‘तोमार एल पेलो’. सर्वांच्या मुद्रा उजळल्या आणि, मी हे सांगत आहे हे ध्यानात येताच, नजरा माझ्या निष्केश मस्तकावर स्थिरावल्या. “तरीच,” बाई सहानुभूतीने म्हणाल्या, “आपणांस पायाची म्हण सोयीची पडते.” त्यांना कसे सांगावे, की आमच्याकडे पाय ओढतात तो थट्टेसाठी नव्हे, वर चढणाऱ्याला खाली आणण्यासाठी, केसाने तर आम्ही गळा कापतो, आणि निव्वळ गंमत करायची झाली तर कोणत्याही अवयवाला हात न लावता फिरकी घेतो? ओघात मी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हेही भाषांतरून सांगितले. पाय ताणण्यापूर्वी अंथरूण पाहून घ्यावे, हा भारतीय विचार बाईंना फारच पोक्त वाटला.

तास संपता संपता कारकूनमहाशयांनी वही मिटली आणि सहज विचारले, “नव्या कातेद्रालवरचा अंतराळवीर आपण पाहिलात ना?”

ज्या देवळाचा पाया १५१३ साली घातला गेला आणि जे १७३३ साली पवित्र करण्यात आले, त्याच्या भिंतीवर अंतराळवीर! “यू आर पुलिंग माय लेग,” मी म्हणालो. सारा वर्ग टाळ्या वाजवू लागला. उदाहरण एकदाचे पटले होते.

त्यांनी मला त्याच थंडीत तेथे नेले. दिव्यांच्या उजेडात व्हियामायोरचा तो सोनेरी दगड नुकत्याच तळलेल्या अनारशासारखा दिसत होता, आणि ‘पुएर्ता दे रामोस’ या दरवाजाच्या कडेला दगडी पानवेलींत शिरस्त्राण, नळ्या आणि जाडजूड बूट अशा संपूर्ण सरंजामासह तो अंतराळवीर खरोखरच लोंबकळत होता. १९९२ साली दरवाजाची डागडुजी करताना, आपल्या काळाची एखादी खूण मागे ठेवण्याच्या पाथरवटांच्या जुन्या रिवाजानुसार, तो तेथे कोरण्यात आला होता.

“आणि तो पाहा, आइस्क्रीम खाणारा राक्षस,” तरुण म्हणाला. या खेपेस मी कोणताही वाक्प्रचार न वापरता निमूटपणे वर पाहिले. कोन हाती धरून तोही होता.

कारकूनमहाशय दिव्याखाली वही उघडून काही नोंदवीत होते. मी डोकावलो. समास सोडून, सुवाच्य अक्षरांत त्यांनी लिहिले होते : “पाय ओढला गेल्याचा आरोप निराधार. पाय मूळ मालकास समक्ष सुपूर्द.” आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.