कुटुंबप्रमुखाचा विद्युत्-बंदोबस्त

ज्या गृहस्थास आपल्या घरातील विजेचा व्यय आटोक्यात आणावयाचा आहे, त्याने प्रथम आवाज कमवावा. कारण 'बोळातला दिवा कोणी चालू ठेवला?' हा प्रश्न दिवाणखान्यातील आरामखुर्चीवरून यत्किंचितही न उठता, स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंतच्या सर्व इलाख्यात एकसमयावच्छेदेकरून ऐकू जाईल अशा स्वरात विचारता येणे, ही या कारभारातील पहिली पात्रता होय. तो दिवा हल्ली ९ वॉटचा असतो आणि एक युनिट वीज संपविण्यास त्याला शंभराहून अधिक तास लागतात, ही गोष्ट मात्र मनात आणू नये. तपशिलाने अधिकाराचे तेज उणावते.

ही चौकशी ऐन रंगात आलेली असताना न्हाणीघराच्या भिंतीवर गिझर नावाचा मौनी सरदार २००० वॉटच्या इतमामाने आपली जहागीर उपभोगीत असतो. त्यास कोणी हटकीत नाही. एक तर तो प्रकाश पाडीत नाही, आणि दुसरे असे की, त्याचे कढत पाणी सर्वांच्या आधी खुद्द कुटुंबप्रमुखासच लागते. त्याची कांडी एक तास तापली, तर तेवढ्याच विजेवर बोळातला तो बदनाम दिवा नवरात्रातल्या नंदादीपाप्रमाणे नऊ दिवस अहोरात्र तेवेल. केवळ आरडाओरडा करून ज्यांचे समाधान होत नाही, अशा विक्षिप्त लोकांनी गिझरचा काटा ५० अंशांच्या आसपास आणावा, घरातील सर्वांची स्नाने लागोपाठ उरकावीत आणि शेवटच्याने बटण बंद करून बाहेर यावे. मात्र शेवटचा कोण, याचा निवाडा करण्याची जोखीम या मार्गदर्शनाने पत्करलेली नाही.

शयनगृहात रात्रभर जळणारा तंतूचा जुना 'झिरो'चा दिवा हे काटकसरी माणसाचे खास भूषण. तो काहीच वीज घेत नाही, अशी श्रद्धा दोन-तीन पिढ्यांनी निष्ठेने सांभाळली. वास्तविक तो सुमारे १५ वॉट खातो, म्हणजे बोळातल्या आरोपीहून अधिक. पंख्याच्या जुन्या ठोकळेबाज रेग्युलेटरची कथाही तीच. पंखा हळू फिरला की बिल हळू चढते, या समजुतीने तो दोनवर आणावयाचा, आणि पात्यांकडून काढून घेतलेली वीज त्या ठोकळ्यातील तारेने उष्णतेच्या रूपाने खोलीतच उधळावयाची! इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा अपहार करीत नाही. परंतु तो बसविण्यासाठी जुना काढावा लागेल, आणि जुना अद्याप 'चांगला चालतो' आहे.

यानंतर कुटुंबप्रमुखाने स्वयंपाकघराची तपासणी हाती घ्यावी. ज्याने जन्मात शेगडी पेटविलेली नाही त्याच्या ठायी या विषयासंबंधी एक निर्मळ तटस्थता असते, तिचा येथे फार उपयोग होतो. पाण्याला एकदा उकळी फुटली की, ज्योत कितीही मोठी केली तरी ते १०० अंशांपलीकडे तापत नाही (महाबळेश्वरी तर चार-पाच अंश आधीच उकळते), वाफ मात्र वाढते, हा सिद्धांत त्याने ओट्यापाशी उभे राहून सांगावा. डाळ आधी भिजत घालावी, पातेल्यावर झाकण ठेवावे, कुकरची शिटी होताच आच मंद करावी, हे उपदेशही अगदी खरे आहेत, आणि ज्या माउलीस ते सांगावयाचे ती ते सासरी आल्या दिवसापासून आचरीत आली आहे. तिने उलट प्रश्न केला की, रेफ्रिजरेटरचे दार उघडून, आत काय आहे याचे चिंतन करीत रोज रात्री उभे कोण असते, तर तपासणी तहकूब करावी.

वातानुकूलन यंत्राची बाब नाजूक आहे. ते विकताना मुळातच २४ अंशांवर लावून द्यावे, असा दंडक केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून घातला. प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे. तथापि, १८ अंश लावून वर दुलई पांघरण्यात जे ऐश्वर्य आहे, त्याची भरपाई सहा टक्क्यांनी कशी व्हावी?

इतके करूनही बिल उतरले नाही, तर दोष उघडच मीटरचा. महावितरणच्या दरपत्रकात १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत आणि पायरी ओलांडली की पुढील युनिटांस चढा दर लागतो, हे बिलामागे छापलेले असले तरी वाचू नये. थेट तक्रार-अर्ज लिहावयास बसावे. अर्ज धाडण्यापूर्वी घरातील एकूण एक बटण बंद करून मीटरवरील तांबडा ठिपका लुकलुकतो की काय, एवढे पाहण्याचा प्रघात आहे. तो लुकलुकत राहिला, तर टीव्हीखालची सेट-टॉप पेटी, इन्व्हर्टर आणि भिंतीत विसरलेले चार्जर यांच्या पिना एकेक करून उपटाव्यात. त्या उपटताच ठिपका स्थिरावला, तर अर्ज 'मीटर सदोष' या मथळ्यासह दप्तरात जपून ठेवावा, पुढील महिन्यास तारीख तेवढी बदलावी लागते.