स्वागतोत्सुकांस विनंती
शैक्षणिक वर्ष सुरू होताच पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या साह्यार्थ स्वयंसेवकांची जी फौज उभी राहते, तिचा उत्साह पुष्पगुच्छ, परिचयसभा आणि सामुदायिक छायाचित्र एवढ्यावरच बहुधा आटोपतो, हे अतिथिधर्माविषयी पूर्ण आदर राखूनही नमूद करणे भाग आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर नैरोबीहून आलेल्या मुलाला १४ दिवसांच्या आत परकीय नागरिक म्हणून सरकारदरबारी नोंद करावी लागते, त्याच्या वास्तव्याची खबर देणारा फॉर्म २४ तासांत घरमालकाने भरावयाचा असतो, आणि फॉर्मचे नाव काढताच घरमालकास नेमके गावाकडील जमिनीचे तातडीचे काम आठवते! त्या दाराशी स्वयंसेवक सहसा दृष्टीस पडत नाही. तेथे छायाचित्रकार नसतो ना. तरी स्वागतोत्सुकांनी यंदा पुष्पगुच्छाचा खर्च वाचवावा आणि घरमालकाकडून तो फॉर्म तेवढा भरून घ्यावा.