तेरा छऱ्यांची तूट

पुण्याच्या पेठांत एके काळी विद्वत्तेचे जे नानाविध प्रकार सुखाने नांदत होते, त्यांत वेदान्त, गायन, इतिहाससंशोधन आणि लिंबाचे लोणचे या विषयांतील अधिकारी पुरुषांची गणना सर्वश्रुतच आहे. परंतु बदकाच्या शिकारीस नळी कोणती योग्य आणि काडतूस कोणते, या एकाच प्रश्नाचा आमरण व्यासंग करणारा, आणि त्या व्यासंगापायी एकाही बदकाच्या केसाला, चुकलो, पिसाला धक्का न लावणारा पुरुष माझ्या पाहण्यात एकच आला, व दैवयोगाने नारायण पेठेत त्याच्याच वाड्याच्या माडीवर मी १९५३ पासून भाड्याने राहत होतो.

वाडा त्यांना ‘शिरस्तेदार’ म्हणे आणि आम्ही भाडेकरू ‘अण्णा’ म्हणत असू. जिल्ह्यातील एका मामलेदार कचेरीत तीस वर्षे दप्तर सांभाळून ते निवृत्त झाले होते, पण दप्तर मात्र त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. दूधवाल्याच्या पाण्याचीही ते चौकशी करीत, जबाब घेत, आणि निकाल राखून ठेवीत. मुंबई सरकारने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ साली केला, दिल्लीचा कायदा १९७२ साली आला, आणि शिकारीचा दरवाजा पुरता बंद झाला तो १९९१ च्या दुरुस्तीने. पण त्या दुरुस्तीची अंमलबजावणी अण्णांनी चांगली चाळीस वर्षे आधी स्वतःपुरती, आणि हातात भरलेली बंदूक असताना, चालू केली होती, याची नोंद कोणत्याही सरकारी कागदात नाही.

ती बंदूक घरात आली १९४७ साली. गोरे साहेब लष्करातले आपले बिऱ्हाड आवरीत होते, सामानाचे लिलाव होत होते, आणि अण्णा वेताची आरामखुर्ची आणावयास म्हणून जे गेले ते बर्मिंगहॅमच्या बनावटीची बारा बोअरची दुनळी सौदा ठरवून परतले. परवान्याचा अर्ज कसा लिहावा हे ज्याने उभा जन्म इतरांना शिकवले त्याला परवाना मिळण्यास कितीसा विलंब लागणार? खुर्ची मात्र शेवटपर्यंत आली नाही, आणि काकूंनी हा विषय शेवटपर्यंत मिटू दिला नाही.

आता, दुनळीच्या दोन नळ्या या दोन सख्ख्या जावांसारख्या असतात, दिसावयास एक आणि स्वभावाने निराळ्या, हे सामान्य वाचकास ठाऊक असण्याचे कारण नाही. नळीचे तोंड शेवटच्या दोनतीन इंचांत किंचित आवळून घेतलेले असते, त्यास ‘चोक’ म्हणतात. मोकळ्या तोंडाच्या नळीतून छर्रे लग्नातल्या अक्षतांप्रमाणे निघतात, म्हणजे वधूवरांखेरीज सर्वांवर पडतात. आवळलेल्या तोंडाच्या नळीतून ते गुरुजींच्या पळीतल्या पाण्यासारखे एका धारेने दूरवर जातात. म्हणून उजवी नळी मोकळी व डावी आवळ, असा साधारण रिवाज. पहिला बार जवळच्या पाखरावर, दुसरा पळत्या पाखरावर. हे आवळणे तरी किती? पुऱ्या चोकास इंचाचे चाळीस सहस्रांश! अण्णांनी ते तपासण्यासाठी पितळेची निमुळती मेख करून घ्यावी म्हणून तांबट आळीतील एका कारागिरास गाठले, तेव्हा त्या भल्या माणसाने हातोडा खाली ठेवून विचारले, “किती सूत म्हणायचं?” हिशेब केला तो सुताचा तिसरा हिस्सा भरला. “मग तेवढं कानशीनं निघून जाईल की,” असे म्हणून त्याने पुन्हा घंघाळे ठोकावयास घेतले.

मेख मिळाली नाही, ग्रंथ मिळाला. बर्मिंगहॅमचा ग्रीनर हा बंदुकीचा कारागीर. चोकाची नळी लोकप्रिय करण्याचे पुष्कळसे श्रेय त्याचे. त्याचा बंदुकीवरचा जाडजूड ग्रंथ प्रथम निघाला १८८१ साली, म्हणजे ‘केसरी’ निघाला त्याच वर्षी, आणि हा योगायोग अण्णा इतक्या गंभीरपणे सांगत की, दोन्ही उपक्रम एकाच बैठकीत ठरले असावेत असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा. या शास्त्राचा कानून असा : चाळीस यार्डांवरून कागदावर बार काढावा, छर्रे जिथे सर्वांत दाट बसले असतील तिथे तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखावे, आणि आतली भोके मोजावीत, पुऱ्या चोकाने शेकडा सत्तर छर्रे वर्तुळात घातले पाहिजेत, अर्ध्याने साठ, अगदी मोकळ्या नळीने चाळीस. आधी बार आणि मागाहून वर्तुळ, हा क्रम मला प्रथम अंमळ संशयास्पद वाटला होता; पण अण्णा म्हणाले, “खात्याचं सगळं कामकाज असंच चालतं. त्यात नवल ते काय?”

परीक्षणाचा मुहूर्त कोजागरीनंतरच्या पहिल्या रविवारी. कोथरूडच्या पलीकडे, जिकडे तेव्हा वस्ती नव्हती, एका सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीत आमची वरात सायकलींवरून जाई : पुढे अण्णा, पाठीवर खोळीतली बंदूक, मागे मी, कॅरियरवर लाकडी चौकट, खळीचे डबडे आणि रद्दीचा गठ्ठा. रद्दी मुंबईच्या इंग्रजी पत्राची. ‘केसरी’वर बार काढणे जे इंग्रजाला साधले नाही ते आपल्या हातून घडावे, हे अण्णांस मान्य नव्हते. चार पाने खळीने चिकटवून चौकटीवर ताणली की अंतराची मोजणी सुरू होई, आणि तीही यार्डांच्या फितीने नव्हे तर जमीन मोजावयाच्या तेहतीस फुटी साखळीने. चाळीस यार्ड म्हणजे तीन साखळ्या दहा आणे, वर काही फुटकळ, आणि त्या फुटकळीसाठी अण्णा गुडघे टेकून वीतभर सरकत. मग खांद्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी, कानांत कापूस, वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी उडवलेली चिमूटभर रांगोळी, आणि एक बार. खाणीतले पारवे उडत, मेंढपाळाची कुत्री भुंकत, आणि मी पंच क्रमांक १ म्हणून सही करी. पंच क्रमांक २ तो मेंढपाळ, त्याचा अंगठा. “आम्ही खाली सही करणार पंच लिहून देतो की, आमचे समक्ष डावे नळीतून सहा नंबरी एक काडतूस…” असा तो पंचनामा असे. ज्या शहराच्या खडकी उपनगरात १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना चालला आहे, त्या शहरात एकेका काडतुसाचा एवढा सन्मान दुसऱ्या कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

मोजणी घरी, पश्चिमेच्या खिडकीत, लाल शाईचा टाक घेऊन. प्रत्येक भोकाला एक ठिपका, दर दहाला एक आडवी रेघ. सहा नंबरचे छर्रे विलायती हिशेबाने औंसाला दोनशे सत्तर. काडतुसात औंसावर एक आणा, म्हणजे दोनशे सत्त्याऐंशी. त्याचे शेकडा सत्तर दोनशे एक. आणि डाव्या नळीचा आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी. अण्णांनी पुन्हा मोजले. मला मोजावयास लावले. काकूंना, त्यांच्या हातात पीठ असताना, मोजावयास बसवले. एकशे अठ्ठ्याऐंशी!

“तेरा छर्रे गेले कुठे?” असे त्यांनी ज्या स्वरात विचारले, तो स्वर तिजोरीत तूट आलेल्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत उमटत असावा.

माझ्या मते ते खाणीच्या भिंतीत गेले होते. पण माझे मत विचारात घेण्यात आले नाही. चौकशीची दिशा काडतुसाकडे वळली. अण्णांनी त्याच पेटीतले एक काडतूस चाकूने उघडले, दारू बशीत काढून दूर ठेवली आणि छर्रे पितळी ताटात ओतून चिमट्याने एकेक मोजले, तो ते भरले दोनशे एकोणऐंशी. आठ छर्रे विलायतेतूनच कमी आले होते! त्या रात्री त्यांना शांत झोप लागली, कारण नव्या हिशेबाने तूट तेरावरून सातावर आली होती, आणि उरलेल्या सातांसाठी आर्द्रता जबाबदार धरता येण्यासारखी होती. कागदी कवचाची काडतुसे पावसाळ्यात फुगतात व नळीत शिरेनाशी होतात, हे खरेच. म्हणून ती पापडांच्या डब्यात, मिठाच्या पुरचुंडीसह, फडताळात ठेवलेली असत. या शेजारामुळेच पुढला प्रसंग ओढवला. ताटातले ते छर्रे परत वाटीत भरताना थोडे सांडले, काकूंनी ते मोहरी समजून सावडले आणि मोहरीच्या डब्यात टाकले. सहा नंबरचा छर्रा आणि टपोरी मोहरी यांत संध्याकाळच्या उजेडात भेद करणे भल्याभल्यांस जमू नये. दिवाळसणास आलेल्या जावईबापूंनी पोह्यांचा दुसरा घास घेतला आणि तोंड जे दाबले ते डॉक्टरांकडे जाईपर्यंत सोडले नाही. त्या बंदुकीने आपल्या हयातीत घेतलेला एकमेव बळी म्हणजे ती दाढ. अण्णांनी छर्रा धुऊन, पुसून, वजन करून ठेवला व वहीत लिहिले, “एक मिळाला.”

परंतु वर्तुळातील संख्या म्हणजे सर्वस्व नव्हे. छर्रा लागून भागत नाही, तो आत शिरला पाहिजे. सहा नंबरचे छर्रे संख्येने पुष्कळ पण अंगाने हलके, चार नंबरचे औंसाला एकशे सत्तरच पण खोल जाणारे. बहुमत श्रेष्ठ की वजन, हा वाद लोकशाहीत सुटला नाही तो काडतुसांत कसा सुटावा? अण्णांनी त्यासाठी जुनी पंचांगे लावली. चौकटीवर शके १८७५ चे पंचांग टांगावयाचे, बार काढावयाचा, आणि छर्रा कोणत्या पानावर विसावला ते पाहावयाचे. “सहा नंबर आषाढात अडकतो,” ते सांगत, “पाच नंबर गणपती करतो, पण चार नंबर, हा पहा, दिवाळी ओलांडून थेट तुळशीच्या लग्नाला हजर!” पूर्ण पंचांग फोडून दुसऱ्या वर्षात जाणारा छर्रा त्यांना हवा होता. तेवढ्यासाठी शके १८७६ चेही मागे बांधलेले असे; ते कोरेच राहिले.

एकदा, बदकाच्या देहावर प्रत्यक्ष किती छर्रे बसतात हे पाहण्यासाठी, कागदावर बदकाची आकृती काढण्याचे ठरले. रांगोळीचा हात काकूंचा. सालिम अलींच्या १९४१ च्या इंग्रजी पुस्तकातले चित्र समोर ठेवले होते, पण काकूंच्या हातून उतरला तो मान वेळावलेला, पंख किंचित उचललेला, सरस्वतीचा हंस. अण्णा बराच वेळ पाहत राहिले. “पाठीवर वीणा तेवढी राहिली,” एवढेच म्हणाले. दुसऱ्या खेपेस काकूंनी नाव विचारले. पिवळ्या टोकाची चोच आणि चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके असलेल्या त्या बदकाला आपल्याकडे ‘हळदीकुंकू’ म्हणतात, हे अण्णांनी मोठ्या उत्साहाने सांगितले, आणि तिथेच त्यांचा घात झाला.

“हळदीकुंकू? म्हणजे सवाष्ण की हो! आणि तिच्यावर बार काढणार? या घरात?”

त्यानंतर थापट्या, तलवार, चक्रवाक अशी नावे सुचवून पाहण्यात आली. पण चक्रवाकाच्या जोडप्याचा रात्रीचा विरह काकूंना कीर्तनातून ठाऊक होता, आणि बाकीच्यांविषयी त्यांनी सरसकट स्थगिती दिली. मला वाटते, अण्णांना ती स्थगिती हवीच होती. कारण कोजागरीस सुरू झालेले परीक्षण, फेरपरीक्षण, नकला आणि ताळेबंद होता होता शिमगा उजाडे, तोवर पाहुणी बदके उत्तरेच्या वाटेला लागलेली असत, आणि “पुढल्या हंगामात खडकवासल्याला जाऊ,” हे वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर दर वर्षी त्याच शाईने लिहिले जाई. पाषाणचे तळे त्यांना जवळ पडे म्हणून नको होते. शिकारीला कसे जरा लांब जावे लागले पाहिजे.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यासरशी खडकवासल्याचेही फुटले, त्या दिवसाची आठवण पुण्यात कोणी हसत काढीत नाही, मीही काढीत नाही. आम्ही वाड्यातली माणसे नेसत्या वस्त्रांनिशी उंचावर पोचलो, आणि सगळ्यांचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. पण दुसऱ्या दिवशी चिखलातून परत येताना, दिंडीच्या वर माथ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ पाहून, अण्णा थबकले आणि हळूच म्हणाले, “चौदा वर्षं जाऊ जाऊ म्हणत होतो. शेवटी तळंच आलं.”

बंदूक चिखलात सापडली. पापडांच्या डब्यातली काडतुसे भिजून फुगली होती, ती त्यांनी रीतसर पोलिसांत जमा केली. वह्या, पंचनामे आणि लाल ठिपक्यांचे कागद यांचा मात्र लगदा झाला होता. पूरग्रस्तांचे अर्ज घेण्यासाठी टेबल मांडून बसलेल्या तरुण कारकुनाने अण्णांचा अर्ज वाचला, वरून खाली आणि पुन्हा खालून वर, आणि मालमत्तेच्या यादीतील सातव्या बाबीवर बोट ठेवले. पितळी भांडी, फडताळ, दोन सायकली यांच्याखाली सुवाच्य मोडणीदार अक्षरात लिहिले होते : “भोके, मोजलेली व साक्षांकित, नग १९,४१२.”

“अण्णासाहेब,” तो अदबीने म्हणाला, “भोकं वाहून कशी जातील?”

“कागदासकट,” अण्णा म्हणाले, आणि मला पुढे ओढून म्हणाले, “हे पंच क्रमांक एक. यांचा जबाब घ्या.”