कातडीबचाव

नाशिककरांना तरुण दिसण्याची हौस आजची नाही. पंचवटीत शूर्पणखा आली तीच मुळी रूप पालटून, तरणीताठी आणि देखणी होऊन. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गावातल्या पहिल्याच सौंदर्योपचाराचा निकाल असा लागल्यावर दुसऱ्या एखाद्या गावाने कायमचा धसका घेतला असता. आपण कॉलेज रोड वसवला.

हल्ली मात्र चेहऱ्याला नुसते वरून फासून भागत नाही, आतून खावे लागते. खायला मराठी माणूस कधी नाही म्हणत नाही, पण हे खाणे वेगळे. सकाळी कोमट पाण्यात कोलॅजनची पूड, मग भिजवलेला चिया, मग बेरी. त्याही नाशिक जिल्ह्यात पिकत नाहीत अशाच. आमच्या शेजारच्या वहिनी पेरूच्या हातगाडीवर दहा रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालतात आणि ब्लूबेरीच्या ओंजळभर डबीचे पैसे मात्र निमूट मोजतात. मी म्हटले, वहिनी, पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असते, आणि त्याच्यावाचून शरीराला कोलॅजन बनवताच येत नाही. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, पण पेरू काय, आपल्याकडेच मिळतो."

यावर काय बोलणार? कोलॅजनची पूड पोटात गेली की तिचेही डाळीसारखे, अंड्यासारखे तुकडेच होतात. त्या तुकड्यांवर ‘डाव्या गालावर पोचते करावे’ असा पत्ता घालायची सोय अजून निघालेली नाही. ज्या चाचण्यांत फायदा दिसतो, त्यांतल्या पुष्कळ चाचण्यांचा खर्च पूड विकणाऱ्यांनीच उचललेला असतो. पण पुडीची किंमत ऐकली की माणसाला आपोआपच तजेला येतो, हे खरे.

मध्यंतरी वहिनींच्या कानावर रेझवेराट्रॉल आले. हे द्राक्षाच्या सालीत असते म्हटल्यावर नाशिकची कॉलर ताठ झाली. १९९१ साली अमेरिकेतल्या टीव्हीवर कोणी सांगितले, की फ्रेंच लोक लोणी-चीज हाणूनही हृदयाने ठणठणीत असतात, बहुधा रेड वाइनमुळे. २००३ साली किण्वाच्या पेशी रेझवेराट्रॉलने जास्त जगल्याची बातमी आली. २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या संशोधनावर उभी असलेली कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली आणि पाच वर्षांत तिचे दुकान बंद केले. किण्व जगले, कंपनी गेली. शिवाय लिटरभर रेड वाइनमध्ये हे द्रव्य जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम. प्रयोगात देतात तसा अर्धा ग्रॅमचा डोस घ्यायचा तर रोज शंभराच्या वर लिटर रिचवावे लागतील. सुरकुत्या जातील न जातील, सातबारा नक्की जाईल.

तरी सरकारने प्रयत्न केला होता. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी दिली. तूरडाळ, साबण आणि शिराझ एकाच पिशवीत येणार होते. वाइन म्हणजे दारू नव्हे, हे मोठमोठे नेते पटवून देत होते. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच मुरत पडला. वाइन मुरलेली चांगली म्हणतात.

पण या सगळ्या गडबडीत आपले एका कातडीकडे लक्षच गेले नाही. जिल्ह्यात सगळ्यात लाडाकोडात वाढलेली त्वचा कोणाची, तर द्राक्षाच्या मण्याची. दिंडोरी-निफाडकडे जाऊन बघा. ऑक्टोबरात छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट. मणी धरले की जिब्रेलिक ॲसिड, म्हणजे बागेच्या भाषेत ‘जीए’. बाई हातात मग घेऊन वेलीखाली उभी राहते, मगातल्या द्रावणात घड बुडवते, झटकते, पुढचा घड धरते. मग कात्री घेऊन थिनिंग: दाटीतले मणी काढायचे, म्हणजे उरलेल्यांना ऐसपैस फुगता येते. हे झाले की उन्हाने रंग बिघडू नये, गुलाबी डाग पडू नये म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. प्रस्तुत सदराचा सगळ्यात एकनिष्ठ वाचकवर्ग तोच. तो महिनाभर पान उलटत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सोडतात. घरातले म्हातारे खोकत गोधडी ओढून घेतात. त्यांची निर्यात होत नाही.

आणि ती मगवाली बाई? ती पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरती आलेली असते. दिवसभर हात ओले राहून तिच्या बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडतात, त्याच वेळी मण्याच्या निघत असतात. छाटणीनंतरच्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असते. ते लागले तर हाताची साल निघते, म्हणून हातमोजे घालावेत असे डब्यावर बारीक अक्षरात छापलेले असते. त्वचातज्ज्ञ ज्याला ‘पीलिंग’ म्हणून दणकून पैसे लावतात, ते इथे मजुरीसकट मिळते.

युरोपला मण्याच्या सालीची फार काळजी. २०१० साली तिथे आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडले, कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे चेहरे एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झाले. तेव्हापासून तपासणीची यादी आणखी कडक. आता रॉटरडॅमच्या बाईला मणी प्रयोगशाळेचा दाखला घेऊन भेटतो. आपल्याकडे हातगाडीवर दाखला कोणी मागत नाही, फक्त ‘गोड आहेत ना?’ एवढेच विचारतात. वहिनींना फवारणीची भीती, म्हणून त्या द्राक्षे मिठाच्या पाण्यात बुडवतात, सोड्यात बुडवतात आणि शेवटी सोलून खातात. रेझवेराट्रॉल कचऱ्याच्या डब्यात.

टोमॅटोची तीच गत. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये काही माणसांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट तेलासोबत खायला घातली. अतिनील किरणांनी त्यांची कातडी नुसते तेल खाणाऱ्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी लालावली. २००१ साली हा शोध छापून आला. शिजलेला टोमॅटो आणि वर तेलाचा तवंग, याला आपल्याकडे रस्सा म्हणतात आणि तो नको म्हणून वहिनी कच्च्या काकडीवर दिवस काढतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो सराफ बाजारात विकावा असा महागला होता; पावसाळा सरेपर्यंत तोच रस्त्यावर ओतायची पाळी आली. मुंबई-आग्रा महामार्गाच्या त्वचेचे मात्र त्याने काही भले झाले नाही. खड्डे जिथल्या तिथे.

आता वहिनींनी सोपा मार्ग काढला आहे: रेझवेराट्रॉलच्या परदेशी कॅप्सूल. डबीवर टपोऱ्या द्राक्षांच्या घडाचे चित्र. आतला माल पुष्कळदा जपानी नॉटवीड नावाच्या तणाच्या मुळापासून काढलेला असतो. या तणाने इंग्लंडात इतका उच्छाद मांडला आहे, की ते अंगणात निघाले तर घर विकताना गिऱ्हाइकाला सांगावे लागते. पिंपळगावच्या एका बागायतदार मित्राला मी हे सांगितले. घडाला कागद गुंडाळता गुंडाळता त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, बांधाकडे नजर टाकली आणि विचारले, "गाजरगवताचं काही जमतंय का बघ. चार एकर आहे."