कादंबरीवाले सर

चिखलीत खामगाव चौफुलीवर कोणालाही विचारा, कादंबरीवाले सर कुठं राहतात? तो हात करून गल्ली दाखवील आणि वर तुम्हालाच विचारील, "काहून, झाली काय?"

झालेली नाही. सर हायस्कुलात मराठी शिकवत होते तेव्हा ती निवृत्तीनंतर होणार होती. निवृत्त झाल्यावर मुलीच्या लग्नानंतर होणार होती. मुलगी नांदायला गेली, नातू झाला, नातू शाळेत जायला लागला, आणि बाईंनी विचारलं की "आजोबा लेखक आहेत" असं बिनदिक्कत सांगतो. घरात सरांवर एवढा विश्वास असलेला तो एकटाच.

असे एक सर नाहीत असा तालुका महाराष्ट्रात सापडायचा नाही. कुठं ते पोस्टमास्तर असतात, कुठं वकील, कुठं बँकेतले कॅशियर. ओळखायची खूण म्हणजे बॅग. आमच्या सरांची तपकिरी रेक्झिनची आहे, चेन गेलेली, म्हणून सुतळीनं बांधलेली. आत नाडीची फाईल. फाईलमध्ये पहिलं प्रकरण. त्याच्याखाली पुन्हा पहिलं प्रकरण. त्याच्याखालीही तेच, फक्त शाई हिरवी. एकात पहाट होते आणि आजी दळायला बसते. दुसऱ्यात आजी आधी दळायला बसते, मग पहाट होते. तिसऱ्यात आजी वारलेली आहे. त्यापुढची पानं कोरी, पण त्यांच्यावर आकडे घातलेले आहेत, थेट ३६० पर्यंत. "आराखडा पक्का पाहिजे," सर सांगतात.

लोकांना वाटतं, सरांना प्रेरणा मिळत नाही. साफ चूक. आमच्या भागात टंचाई पाण्याची पडते, सरांच्या प्रेरणेची कधीच पडली नाही. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी ते सिंदखेडराजाला जातात, की संक्रांतीपर्यंत पुरेल एवढी घेऊन येतात. शेगावच्या वारीत मिळते, चैत्रात रेणुकामातेच्या यात्रेत मिळते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. शास्त्रज्ञांनी कारण दिलं, खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. सरांनी त्याच आठवड्यात नायिकेला लोणारच्या काठावर उभं केलं. स्वतः सरांना करोनामुळे जाता आलं नाही, नायिका गेली. पुढं पाण्याचा रंग उतरला, तसं तेही प्रकरण मागं पडलं. प्रत्येक प्रेरणेमागे एक नवी दोनशे पानी वही ठरलेली, त्यामुळे स्टेशनरीवाल्याची सरांच्या प्रतिभेवर श्रद्धा आहे.

आणि साहित्याचा इतिहासही सरांच्या बाजूनं. पेरणी उरकून पाऊस लागला की ते 'कोसला'वाले होतात. नेमाड्यांनी म्हणे ती पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली, १९६३ मध्ये छापूनही आली. "बसलं की होतं हो," असं सर म्हणतात आणि बसतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येतं, वही मात्र तशीच असते. तेव्हा ते 'हिंदू'वाले होतात. त्याच नेमाड्यांची 'हिंदू' यायला २०१० उजाडलं, वाचक तीसेक वर्षं वाट पाहत होते. "मोठ्या कामाला वेळ लागतो." यावर काकूंचं म्हणणं एवढंच असतं की तोवर दळण घेऊन या.

खरी गोम वेगळीच आहे. सर कादंबरी लिहीत नाहीत, सांगतात. सकाळी चौफुलीवरच्या टपरीवर अर्धा चहा आणि आलूबोंडा पुढ्यात आला की सुरुवात होते. सावकाराच्या ओसरीचा प्रसंग त्यांच्या तोंडून ऐकावा. आवाज खाली नेतात, धोतराचा सोगा झटकून दाखवतात (घातलेली असते पँट), आणि बशीतला चहा निवून जातो तरी कोणी उठत नाही. टपरीवाल्याला सगळी पात्रं पाठ आहेत. "सर, त्या पोराचं लगन लावून टाका बरं आता," असं तो अधूनमधून बजावतो. बाजार समितीतल्या एका अडत्याची तर खात्रीच आहे की खलनायक म्हणजे आपण. तो रागावला नाही. "मापात मी असं नसतो करत सर, मी भावात करतो," अशी दुरुस्ती त्यानं सुचवली, आणि सरांनी ती मान्य केली.

आता सांगा, एवढी वाहवा चहाबरोबर फुकट मिळाल्यावर रात्री एकट्यानं टेबलाशी बसून तेच पुन्हा कागदावर कशाला उतरवायचं? हरिभाऊ आपट्यांची गोष्ट निराळी. त्यांचं 'करमणूक' १८९० साली निघालं, दर आठवड्याला अंक. कादंबरीचा पुढचा भाग दिला नाही तर छापखाना खोळंबला आणि वाचक खवळले. मला विचाराल तर मराठी कादंबरी प्रेरणेपेक्षा तगाद्यावर जास्त वाढली. सरांच्या दारात तगाद्याला फक्त दूधवाला येतो, आणि तोही थोडं ऐकून बिल विसरून जातो.

तगाद्याचा एक प्रयोग झाला म्हणा. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्यानं कळवलं की अमेरिकेत १९९९ पासून एक चळवळ आहे, नोव्हेंबरच्या एका महिन्यात ५०,००० शब्द लिहून पहिला खर्डा हातावेगळा करायचा. सरांनी भागाकार केला. रोजचे १,६६७ आले. मग म्हणाले, त्या लोकांना नोव्हेंबरात कापूस वेचायचा नसतो, हरभऱ्याला पाणी द्यायचं नसतं, पाहुणे नसतात. तरी दोन दिवस लिहिलं. आजी पुन्हा दळायला बसली. पुढं २०२५ मध्ये ती चळवळ चालवणारी संस्थाच बंद पडली, तेव्हा सरांनी भाच्याला मुद्दाम फोन केला. "बघ, घाईचं काम टिकत नाही."

आमच्याच तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख. त्यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सरांना त्याचा मनापासून अभिमान आहे. शेतकऱ्याच्या घरातली धुसफूस अशी कोणी मांडली नाही, असं ते जो भेटेल त्याला सांगतात. फक्त शेवटी हळूच जोडतात, "आता एकाच तालुक्याला दुसरा कसा देतील?"

मध्यंतरी मी सरळ विचारलं, नेमकं अडलंय कुठं? सर गंभीर झाले. म्हणाले, शेवटाशी. नायक चिखली सोडून कायमचा जाणार, आणि जाणार रेल्वेनं. चिखलीला रेल्वे नाही. इंग्रजांनी कापसासाठी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत एक फाटा टाकला, तो तिथंच थांबला. खामगावहून चिखलीमार्गे जालन्याला जोडायची मागणी शंभर वर्षांवरची. सर्वेक्षणं झाली, निवेदनं झाली, आंदोलनं झाली, आणि नायक सामान बांधून तयार आहे. मी म्हटलं, एसटीनं पाठवा की! सर माझ्याकडे दहावी नापास पोराकडे पाहावं तसे पाहत राहिले. "एसटीनं गेलेलं पोरगं दिवाळीला परत येतं. मला न येणारं पाहिजे." यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यात तथ्य आहे.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका कॉलेजनं सरांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता 'कादंबरी कशी पूर्ण करावी'. सरांनी आठ दिवस आधी अख्खं भाषण लिहून काढलं, चौदा पानं, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड नाही. त्याची झेरॉक्स काढून एक प्रत मला दिली. भाषण फर्मास झालं. शिस्त, एकांत, रोजची ठरलेली वेळ, पहिला खर्डा वाईट होऊ देण्याचं धाडस, सगळं आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम आटोपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी दोन वह्या घेऊन आली. दिवाळीच्या सुट्टीत दिवसा कापूस वेचून रात्री लिहिलेलं होतं. "सर, माही झाली. तुमी वाचसान काय?"

सरांनी वह्या बॅगेत टाकल्या. त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा कितीतरी उशिरापर्यंत चालू होता, असं काकू सांगत होत्या. सकाळी टपरीवर आले तेव्हा डोळे लाल. बराच वेळ काही बोलेनात. टपरीवाल्यानं न राहवून विचारलं, "कशी हाय सर पोरीची?"

"चांगली आहे," सर म्हणाले. "खरोखर चांगली आहे. पण शेवट घाईत केला पोरीनं. पाच-सहा वर्षं जवळ ठेवायला पाहिजे होती."