ही गाडी पर्यावरणासाठी उभी आहे

आमच्या बिल्डिंगमधल्या चौथ्या मजल्याने विजेवरची मोटार घेतली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. पेढे चांगले होते. हिरव्या नंबर प्लेटला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली चार लिंबं, सगळं रीतसर झालं. गाडी आवाज न करता पुढे सरकली, लिंबं फुटली आणि चौथा मजला म्हणाला, "शून्य उत्सर्जन!" लिंबाचा रस वगळता ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायर आली.

ती चौथ्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघते, कारण ओव्हनचं पंधरा अँपिअरचं सॉकेट तिथे आहे. तिसऱ्या मजल्याच्या तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घालते. दुसऱ्याच्या ग्रिलला ती सुतळीने बांधलेली आहे. पहिल्याच्या एसीच्या पेटीवर घटकाभर टेकून ती कंपाउंडच्या भिंतीवरून उतरते आणि फुटपाथ आडवा कापून गाडीत शिरते. मधे जिथे एका वायरीला दुसरी जोडलीय तिथे पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून अर्ध्या लिटरच्या दुधाची रिकामी पिशवी रबरबँडने बांधलीय. गाडीची दोन चाकं फुटपाथवर, दोन रस्त्यावर. म्हणजे चालणाऱ्यांवर अन्याय नको आणि बसवाल्यांवरही नको, दोघांची सारखी गैरसोय.

आत पार्किंग नाही का? आहे की. त्यात चौथ्या मजल्याचीच डिझेलची मोठी गाडी उभी असते. ती काही विकली नाही. "गावाला जायला लागते हो." गाव चाकणच्या अलीकडे आहे.

आमच्या आईचं वय शहात्तर. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलंय, म्हणून ती सकाळी भाजी आणायला स्वतः जाते. फाटकापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत ऐंशी पावलं, तिने मोजलीत. वायर येते ती अकराव्या पावलाला. तिथे आई थांबते, पिशवी डाव्या हातात घेते, उजव्या हाताने साडीच्या निऱ्या वर धरते, गाडीच्या आरशाचा आधार घ्यावा की घेऊ नये याचा विचार करते, घेत नाही, आणि ओढा ओलांडावा तशी वायर ओलांडते. मागच्या आठवड्यात तिचा पाय अडकला. ती पडली नाही, पण जोड सुटला आणि गाडीचं चार्जिंग बंद पडलं. संध्याकाळी फुटपाथवर पाटी लागली. गाडीच्या खोक्याचा पुठ्ठा नव्हे (मोटार खोक्यात येत नाही, याची मी चौकशी केली), टीव्हीच्या खोक्याचा. त्यावर ठळक मार्करने:

'वायरवर पाय देऊ नये. ही गाडी पर्यावरणासाठी उभी आहे.'

पुण्यात राहून पाट्यांचं आश्चर्य वाटून घेणं शोभत नाही. पण ही पाटी मी चार वेळा जाऊन वाचली. आधी वाटलं, 'उभी आहे' हे क्रियापद चुकलंय. 'धावते आहे' म्हणायचं असेल. मग चार दिवस खिडकीत चहा घेत लक्ष ठेवलं. क्रियापद अचूक आहे. गाडी सकाळी साडेनऊला निघते, सव्वाशे रुपयांच्या कॉफीच्या दुकानापर्यंत जाते, येते. संध्याकाळी जिमपर्यंत जाते, येते. जिम गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला आहे. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र ती उभी असते. पर्यावरणासाठी, फुटपाथवर, फुकट.

फुकट हा शब्द जरा जवळून बघू. एका मोटारीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे एकशे पस्तीस चौरस फूट. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एवढ्याच खोलीत स्पर्धा परीक्षेची तीन मुलं राहतात, एक कॉट, दोन गाद्या. ती मुलं भाडं देतात, डिपॉझिट देतात, रात्री दहानंतर नळ सोडला तर बोलणी खातात आणि दर अकरा महिन्यांनी करार करतात. बाहेर तेवढीच जागा घेऊन बसलेल्या गाडीला डिपॉझिट नाही, करार नाही, पोलीस पडताळणी नाही, वर तिला रात्रभर गरम जेवण खिडकीतून सोडलं जातं. मी त्या मुलांना सुचवलंय की त्यांनी हिरव्या पाट्या लावून फुटपाथवर आडवं व्हावं. त्यांच्याकडूनही धूर येत नाही. एक जण ओढतो, पण तो गच्चीवर जातो.

चौथ्या मजल्याच्या फोनमध्ये एक अॅप आहे. गाडी चालली की ते सांगतं, तुम्ही आज इतका कार्बन वाचवला, म्हणजे इतकी झाडं लावली. लिफ्टमध्ये त्यांनी मला दाखवलं. त्यांची त्या दिवशीपर्यंत अकरा झाडं झाली होती. गाडी जिथे उभी असते त्यावर एक गुलमोहर होता, म्हणजे अजून आहे, पण कावळे बसून काच खराब करतात म्हणून रस्त्याकडची त्याची फांदी उतरवली. तेव्हा हिशेब अकरा वजा एक फांदी असा मांडायला हवा. अॅपमध्ये फांदीची सोय नसावी.

गैरसमज नको. विजेच्या गाडीवर माझा राग नाही. धूर ओकणाऱ्या डबड्यापेक्षा ती केव्हाही बरी. फक्त वीज भिंतीत पिकत नाही एवढं लक्षात असू द्यावं. आपल्याकडे अजूनही बहुतेक वीज कोळसा जाळूनच होते. विदर्भात आमची मावशी औष्णिक केंद्राच्या गावात राहते. ती पापड गच्चीत वाळत घालते तेव्हा वरून जुनं धोतर पांघरते, नाहीतर पापडाला न घातलेले मिरे लागतात. कोथरूडची हवा स्वच्छ झाली तर त्यातला थोडा वाटा मावशीच्या धोतरालाही द्यावा. आणि धूर गेला तरी गाडी जात नाही हो! दीड टन लोखंड आणि बॅटरी, त्यात पंच्याहत्तर किलोचे एक गृहस्थ आणि कोथिंबिरीची एक जुडी. पेट्रोलवर असो, विजेवर असो की मारुतीरायाच्या कृपेवर असो, चौकात ती तेवढीच जागा अडवते. तिच्या मागे अडकलेल्या माणसाला धूर कमी लागतो, उशीर तेवढाच लागतो.

तो मागे अडकलेला माणूस म्हणजे मी. मी बसने जातो. आता इथून पुढे हे सदर विनोदी राहील याची हमी देत नाही. पुण्यात विजेवरच्या बस २०१९पासून धावतात. मी जिच्यात उभा असतो तीही विजेवरचीच, बारा मीटर लांब, आत बसलेले-लोंबकळणारे मिळून साठ जण. तिच्या नंबर प्लेटला कुणी हार घातला नाही. तिच्यासाठी कुणी पाटी लावली नाही, की बाबांनो, ही पर्यावरणासाठी खोळंबली आहे. कर्वे रस्त्यावर तिच्या पुढे सात मोटारी असतात, सातांत मिळून नऊ माणसं (मी रोज मोजतो, दुसरं काम काय असतं), आणि साठ माणसं नऊ माणसांची वाट बघत उभी असतात. माझ्या शेजारी एक नर्सबाई असतात, रात्रपाळी करून परतणाऱ्या. त्या खांबाला डोकं टेकून उभ्यानेच झोपतात आणि ब्रेक लागला की जागच्या जागी झुलतात. त्यांच्या फोनमध्ये अॅप नाही. त्यांनी आयुष्यात किती झाडं लावली ते कुणी सांगत नाही. याच शहरात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बससाठी वेगळा मार्ग आखला गेला होता, देशातला तसा पहिलाच प्रयोग. नीट राखला तर अशा एका मार्गिकेतून तासाला चार ते आठ हजार माणसं जातात; तीच मार्गिका मोटारींना दिली तर हजार-दीड हजारांवर गाडी अडते, अक्षरशः. हे गणित चौथीतल्या मुलाला कळेल. पण मोटारवाल्याला त्या मार्गिकेत फक्त एक दिसतं: रिकामी जागा. बस येऊन गेली आणि पुढची यायची आहे, याला तो 'रिकामं' म्हणतो. स्वतःच्या मागच्या सीटवर तीन जागा रोज रिकाम्या नेतो, त्याला तो 'कम्फर्ट' म्हणतो. नगर रस्त्यावरचा बसमार्ग तर उखडलाच. का, तर ट्रॅफिक होतं म्हणे. पुण्यात ट्रॅफिक कायम दुसऱ्यांचं असतं.

आणि सायकलींचं शहर! ते राहू दे. त्या विषयावर मला डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय.

तर काल. आई नेहमीप्रमाणे अकराव्या पावलाला निऱ्या धरून उभी होती. चौथा मजला जिना उतरून आला. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. म्हणाला, "काकू, या वयात कशाला चालता? बसा, मी सोडतो."

आई म्हणाली, "अहो, मावशी त्या काय समोर दिसतायत."

"तेच म्हणतो मी. दोन मिनिटांचं काम."

आईला नव्या गाडीची सीट बघायची होती. ती बसली. त्यांनी वायर काढून भिंतीवर टाकली, गाडी आवाज न करता निघाली. आमची गल्ली एकेरी आहे, त्यामुळे उरलेल्या एकोणसत्तर पावलांसाठी त्यांना मुख्य रस्त्याला लागून, सिग्नल घेऊन, पुलाखालून वळून मागून यावं लागलं. बावीस मिनिटं. मावशींसमोर थांबायला जागा नव्हती, तिथे आधीच दोन गाड्या लागलेल्या. पुढे एक चक्कर. आईने चालत्या गाडीतून काच खाली करून मेथीचा भाव विचारला, मावशींनी बोटं दाखवली, तोवर मागच्याने हॉर्न दिला. शेवटी दुसऱ्या चकरेत आई सिग्नललाच उतरली, म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." मेथी घेतली, अळूची पानं घेतली, घरी यायला निघाली.

इकडे फुटपाथवर जागा मोकळी झाली होती. पुण्यात ती किती वेळ मोकळी राहणार? चौथ्या मजल्याचे चिरंजीव जिमला निघाले होते. डिझेलची गाडी आतून काढून त्यांनी तिथे लावली, एसी चालू राहावा म्हणून इंजिन सुरू ठेवलं आणि टॉवेल विसरला म्हणून वर गेले. पाटी जागच्या जागी होती. वाऱ्याने जरा वाकली होती, ती आईने पिशवी खाली ठेवून सरळ केली.